चारित्र्याचा दाखला आणि न्यायालयाचा निकाल : कॅनडातील कायमस्वरूपी निवासाच्या अर्जासाठी होणाऱ्या गुन्हेगारी पूर्ववृत्त-पडताळणीची चिकित्सा

प्रास्ताविक

कायमस्वरूपी निवासासाठी अर्ज करणाऱ्या परकीय नागरिकाचे पूर्वचारित्र्य तपासून पाहण्याचा अधिकार प्रत्येक सार्वभौम राष्ट्राला आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. वादाचा मुद्दा निराळा आहे. ही पडताळणी नेमकी कशाची होते? न्यायालयाने सिद्ध ठरविलेल्या अपराधाची, पोलिसांनी नोंदविलेल्या आरोपाची, की कोणत्याही न्यायालयासमोर न आलेल्या एखाद्या कृत्याची? भारत आणि कॅनडा या दोन्ही देशांचा फौजदारी कायदा या तीन गोष्टी काटेकोरपणे वेगळ्या ठेवतो. मात्र भारतातील पोलीस ठाण्यातील नोंद जेव्हा कॅनडाच्या स्थलांतर अधिकाऱ्याच्या मेजावर पोहोचते, तेव्हा या तिन्हींमधील सीमारेषा पुसट होत जाते. महाराष्ट्रातून कॅनडात स्थायिक होऊ इच्छिणाऱ्या उच्चशिक्षित तरुणांची आणि मुलांनी प्रायोजित केलेल्या त्यांच्या वृद्ध मातापित्यांची संख्या लक्षात घेता, ही प्रक्रिया कायद्याच्या अभ्यासकांपुरती मर्यादित ठेवण्याजोगी नाही. प्रस्तुत लेखात तिची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

कायद्याची चौकट

कॅनडाचा 'इमिग्रेशन अँड रेफ्युजी प्रोटेक्शन अ‍ॅक्ट' २००१ मध्ये संमत झाला आणि २८ जून २००२ पासून अमलात आला. गुन्हेगारीच्या कारणास्तव प्रवेशास अपात्र ठरविण्याची तरतूद त्याच्या कलम ३६ मध्ये आहे. या कलमाने दोन पायऱ्या केल्या आहेत. जो अपराध कॅनडात घडला असता तर किमान दहा वर्षांपर्यंतच्या कमाल कारावासास पात्र ठरला असता, त्याबद्दल परदेशात झालेली दोषसिद्धी ही 'गंभीर गुन्हेगारी' होय. त्याहून कमी शिक्षेच्या, परंतु कॅनडात दोषारोपपत्राने चालविता येण्याजोग्या अपराधाबद्दलची दोषसिद्धी ही नुसती 'गुन्हेगारी'. येथवरची रचना समजण्यास कठीण नाही. खरी अडचण त्याच कलमातील पुढील उपखंडांत आहे. दोषसिद्धी झाली नसतानाही, परदेशात असे 'कृत्य केले' एवढ्याच आधारावर अर्जदार अपात्र ठरू शकतो. शिवाय कलम ३३ नुसार अधिकाऱ्याने लावावयाचा निकष फौजदारी खटल्यातील 'वाजवी संशयापलीकडे' हा नसून 'विश्वास ठेवण्यास वाजवी कारण' एवढाच आहे. कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये मुगेसेरा प्रकरणात या शब्दप्रयोगाचा अर्थ लावताना, तो निव्वळ संशयाहून अधिक, पण दिवाणी खटल्यातील संभाव्यतेच्या तोलाहून कमी असल्याचे स्पष्ट केले. म्हणजे ज्या पुराव्यावर दिवाणी न्यायालय पैशाचा दावाही मान्य करणार नाही, त्या पुराव्यावर एखाद्या कुटुंबाचे स्थलांतर थांबविता येते.

या तरतुदीला न्यायालयांनी काही बांध घातला आहे, हेही नोंदविले पाहिजे. २००६ मध्ये सित्तमपलम प्रकरणात फेडरल अपील न्यायालयाने असे म्हटले की, मागे घेतलेल्या किंवा फेटाळल्या गेलेल्या आरोपांमागील पुरावा विचारात घेता येईल, परंतु निव्वळ आरोप हा गुन्हेगारीचा पुरावा मानता येणार नाही. तत्त्व उत्तम आहे. तथापि ते लागू करण्यासाठी अधिकाऱ्याच्या हाती आरोप आणि पुरावा यांत भेद करणारा कागद असावा लागतो. भारतातून जाणारा कागद तसा नसतो.

'प्रतिकूल माहिती' नावाची संज्ञा

गेल्या दहा वर्षांत ज्या देशात सलग सहा महिने वा अधिक वास्तव्य झाले, त्या देशाच्या पोलिसांचा दाखला अर्जदाराने सादर करावा, असा कॅनडाचा नियम आहे. भारतात हा दाखला, म्हणजेच 'पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट', पासपोर्ट कार्यालयाकडून मिळतो. त्यासाठी स्थानिक पोलीस ठाण्याकडून आणि विशेष शाखेकडून अहवाल मागविला जातो. अर्जदाराविरुद्ध प्रतिकूल माहिती नाही, असा या दाखल्याचा आशय असतो.

'प्रतिकूल माहिती' हा शब्दप्रयोग मुद्दाम थांबून पाहण्यासारखा आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेत ही कोटी नाही. संहितेला प्रथम खबर अहवाल ठाऊक आहे, तपास, दोषारोपपत्र, आरोपनिश्चिती, निर्दोष मुक्तता आणि दोषसिद्धी ठाऊक आहे. या प्रत्येक टप्प्याचा कायदेशीर परिणाम वेगळा आहे. 'प्रतिकूल माहिती' या संज्ञेत मात्र हे सारे टप्पे एका पातळीवर येतात. मूळ प्रश्न 'हा मनुष्य गुन्हेगार आहे काय' असा असताना, दाखल्यातील उत्तर 'आमच्या वहीत याचे नाव आहे काय' या प्रश्नाला दिलेले असते.

आणि वहीत नाव येणे ही भारतात फार अवघड गोष्ट नाही. ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये असा निर्णय दिला की, दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच तो नोंदविणे पोलिसांवर बंधनकारक आहे. पीडिताच्या दृष्टीने हा निर्णय अत्यंत महत्त्वाचा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेने काही गुन्ह्यांत प्राथमिक चौकशीची मर्यादित मुभा दिली असली, तरी मूळ नियम कायम आहे. परंतु त्याचा तार्किक परिणाम असा की, गुन्हा नोंदविला गेला यावरून तक्रार आली एवढेच सिद्ध होते. नोंदणी जितकी अनिवार्य, तितके तिचे पुराव्याचे मूल्य कमी. दाखल्याची पद्धत याच्या नेमकी उलट गृहीत धरून चालते.

प्रलंबित गुन्हा असल्यास दाखला थेट नाकारण्याची प्रवृत्तीही आढळते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०२४ मध्ये, कॅनडास जाऊ इच्छिणाऱ्या एका अर्जदाराच्या प्रकरणात, केवळ गुन्हा नोंदविला गेल्याने नागरिक दाखल्याचा हक्क गमावत नाही, ही भूमिका घेतली. प्रलंबित प्रकरणाचा उल्लेख करून दाखला देता येतो. निर्णय परदेशाने घ्यावा. ही भूमिका योग्यच आहे. पण उल्लेख कसा करावा, हा प्रश्न त्यामुळे अधिकच निकडीचा होतो.

खटला मागे घेतल्यावर काय उरते

महाराष्ट्रातील वाचकाला परिचित असलेले एक उदाहरण येथे उपयुक्त ठरेल. राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतील खटले मागे घेण्याचे निर्णय राज्य शासन वेळोवेळी घेत आले आहे. जमावबंदीचा भंग, रास्ता रोको, सरकारी कामात अडथळा अशा आरोपांखाली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर गुन्हे दाखल होतात आणि काही वर्षांनी शासन ते मागे घेते. गावात सर्वांच्या लेखी विषय तेथे संपतो.

कायद्याच्या लेखी तो तसा संपत नाही. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ३२१ नुसार, आणि आता नव्या संहितेच्या कलम ३६० नुसार, आरोपनिश्चितीपूर्वी खटला मागे घेतल्यास आरोपीची केवळ आरोपातून मुक्तता होते. आरोपनिश्चितीनंतर मागे घेतल्यास मात्र ती निर्दोष मुक्तता ठरते. एकाच मोर्चातील दोन मित्रांपैकी एकाचा खटला संथ गतीच्या न्यायालयात आणि दुसऱ्याचा वेगाने चालणाऱ्या न्यायालयात असेल, तर एकाच शासननिर्णयाने त्यांना दोन वेगळे दर्जे मिळतील. भारतात हा फरक सहसा कोणी मनावर घेत नाही. कॅनडाच्या कलम ३६ मध्ये मात्र अपात्रतेपासून संरक्षण देणारी तरतूद अंतिम निर्दोष मुक्ततेचा उल्लेख करते, आणि आरोपमुक्ती तिच्या शब्दांत बसत नाही. अर्थात आरोपमुक्त व्यक्ती आपोआप अपात्र ठरते असे नव्हे. परंतु 'कृत्य केले' या उपखंडाचे दार तिच्यासाठी उघडे राहते आणि ते बंद करण्याची जबाबदारी अर्जदारावर येते.

याहून अधिक विचार करावयास लावणारी बाब अर्जातील प्रश्नांची आहे. कॅनडाच्या पार्श्वभूमी-विषयक प्रपत्रात दोषसिद्धी वा चालू खटला याखेरीज, अर्जदार कधी स्थानबद्ध, अटकेत वा तुरुंगात होता काय, असाही स्वतंत्र प्रश्न आहे. मोर्चात पोलिसांनी गाडीत घालून नेले आणि सायंकाळी सोडून दिले, अशा घटनेला मराठी माणूस 'अटक' म्हणतही नाही. अनेकदा ती कौतुकाने सांगितली जाते. १९७५ ते १९७७ या आणीबाणीच्या काळात कारावास भोगलेल्यांना महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये मानधन सुरू केले, २०२० मध्ये ते बंद झाले आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाले. असे मानधन घेणारी वृद्ध व्यक्ती टोरांटोतील मुलाकडे कायमची जाऊ इच्छित असेल, तर शासनाने ज्या कारावासाचा गौरव केला त्याच कारावासाबद्दल तिला प्रपत्रात 'होय' असे लिहावे लागेल. 'होय' लिहिल्याने ती अपात्र ठरत नाही. न लिहिल्याने मात्र कलम ४० खाली दिशाभूल केल्याचा ठपका येऊ शकतो, आणि त्याची अपात्रता पाच वर्षांची आहे. पूर्वी दोन वर्षांची होती. मूळ घटनेपेक्षा तिच्याविषयीचे मौन महाग पडावे, अशी ही रचना आहे.

कमाल शिक्षेचा निकष

कलम ३६ मधील सर्वांत दूरगामी, आणि बहुधा सर्वांत कमी चर्चिला गेलेला, भाग म्हणजे अपराधाचे गांभीर्य ठरविण्याचा निकष. प्रत्यक्ष झालेली शिक्षा येथे पाहिली जात नाही, भारतीय कायद्यातील कमाल शिक्षाही नाही. समतुल्य अपराधाला कॅनडात असलेली कमाल शिक्षा पाहिली जाते. त्यातही जो अपराध कॅनडात संक्षिप्त पद्धतीने किंवा दोषारोपपत्राने असा दुहेरी चालविता येतो, तो नेहमीच दोषारोपपत्राचा मानावा, असे कलम सांगते. प्रत्येक पायरीवर अर्जदाराच्या विरुद्ध जाणारा पर्याय निवडला गेला आहे.

मद्यप्राशन करून वाहन चालविण्याचे उदाहरण घेतल्यास याचा अर्थ स्पष्ट होईल. भारतीय मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड अशी शिक्षा आहे. २०१९ पूर्वी हा दंड दोन हजार रुपयांपर्यंत होता, त्यानंतर तो दहा हजारांपर्यंत गेला. प्रत्यक्षात आरोपी न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर गुन्हा कबूल करतो, दंड भरतो, पावती खिशात घालतो आणि कामावर जातो. कॅनडात याच अपराधाची कमाल शिक्षा १८ डिसेंबर २०१८ रोजी पाच वर्षांवरून दहा वर्षांवर नेण्यात आली. स्वतः कॅनडात पहिल्या अपराधाची किमान शिक्षा आजही एक हजार डॉलरचा दंड आहे. परंतु कमाल आकडा दहाला पोहोचल्यामुळे हा अपराध 'गंभीर गुन्हेगारी'च्या वर्गात गेला. फरक केवळ नावाचा नाही. साध्या गुन्हेगारीच्या वर्गातील एकमेव अपराधाबाबत, शिक्षा पूर्ण झाल्यावर दहा वर्षांनी अर्जदाराचे पुनर्वसन झाल्याचे कायद्याने आपोआप मानले जाते. गंभीर गुन्हेगारीला ही सवलत नाही. तेथे पाच वर्षांनंतर स्वतंत्र अर्ज करून अधिकाऱ्याची खात्री पटवावी लागते.

ही वाढ करताना कॅनडाच्या संसदेसमोर रस्त्यावरील मृत्यू होते आणि तो हेतू गैर म्हणता येणार नाही. परंतु फौजदारी कायद्यातील एक आकडा बदलताच स्थलांतर कायद्यातील माणसांचा वर्ग बदलतो, ही जोडणीच मुळात सदोष आहे. कमाल शिक्षा ही अपराधाच्या सर्वांत भीषण रूपासाठी राखून ठेवलेली असते. दंडाच्या पावतीवर सुटलेल्या अपराध्याला तिचे माप लावणे म्हणजे न्यायालयाने केलेले मूल्यमापन बाजूला सारणे होय. २०१७ मध्ये ट्रान प्रकरणात कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निदान एक अन्याय दूर केला. तेथे गुन्हा घडला तेव्हा कमाल शिक्षा सात वर्षांची होती, नंतर ती चौदा झाली. न्यायालयाने गुन्ह्याच्या वेळची शिक्षाच धरावी असे सांगितले. निकष मात्र तोच राहिला.

समतुल्यतेचा प्रश्न

परदेशी अपराध कॅनडाच्या कोणत्या अपराधाशी समतुल्य आहे, हे ठरविण्याच्या तीन पद्धती फेडरल अपील न्यायालयाने १९८७ मध्ये हिल प्रकरणात सांगितल्या : दोन्ही कायद्यांतील शब्दांची तुलना, खटल्यातील पुराव्याची तपासणी, किंवा दोहोंचा मेळ. सिद्धांत म्हणून ही मांडणी निर्दोष आहे. कलम १८५ ला ती लावून पाहिली की काय होते?

भारतात रक्तातील मद्यार्काची मर्यादा १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅम आहे, कॅनडाच्या फौजदारी कायद्यात ती ८० आहे. म्हणजे ५० मिलिग्रॅमवर पुण्यात दोषी ठरलेला चालक टोरांटोत या मोजमापाने दोषी ठरला नसता. शब्दांची तुलना येथेच अपुरी पडते. कॅनडाच्या कायद्यात मात्र आकड्यावर अवलंबून नसलेला दुसरा अपराधही आहे : मद्यामुळे वाहन चालविण्याची क्षमता कोणत्याही प्रमाणात बाधित होणे. तो लागू होतो की नाही, हे केवळ पुराव्यावरून सांगता येईल. आणि पुरावा कोठे आहे? आरोपीने गुन्हा कबूल केलेला असतो. संक्षिप्त खटल्याच्या आदेशात कलम, कबुली आणि दंडाची रक्कम एवढे असले तरी ते पुरेसे मानले जाते. श्वासचाचणीचा आकडा त्यात असेलच असे नाही, चालकाच्या वर्तनाचे वर्णन तर नाहीच. हिल प्रकरणाने ज्या पुराव्याची तपासणी अपेक्षिली, तो पुरावा न्यायालयासमोर कधी आलेलाच नसतो. अशा स्थितीत अधिकारी कबुलीच्या एका ओळीवरून निष्कर्ष काढतो. विचित्र बाब अशी की, असा दंड पोलीस दाखल्यात उमटेलच असेही नाही. प्रामाणिक अर्जदार तो स्वतः सांगतो आणि अडकतो.

अशीच विसंगती शिक्षेतील सौम्यतेबाबत आहे. कॅनडाचे न्यायालय दोषी व्यक्तीची अटींसह किंवा विनाअट सुटका करते, तेव्हा तिला दोषसिद्धी झालीच नाही असे कायदा मानतो. भारतातील १९५८ च्या परिवीक्षा कायद्याने नेमका हाच उद्देश वेगळ्या मार्गाने साधला : दोषसिद्धी राहते, पण कलम १२ नुसार तिच्याशी जोडलेली अपात्रता लागू होत नाही. दोन्ही देशांच्या विधिमंडळांना प्रथमच चुकलेल्या माणसाच्या माथ्यावरचा शिक्का पुसावयाचा होता. कॅनडाने शिक्काच मारला नाही, भारताने तो मारून निष्प्रभ केला. समतुल्यता शब्दांत शोधणाऱ्या नजरेला या दोहोंतील साम्य सहज दिसणार नाही.

अमेरिकेतील अनुभव

हा दोष एकट्या कॅनडाचा नव्हे. अमेरिकी स्थलांतर कायद्यात १८९१ पासून 'नैतिक अधःपतन दर्शविणारा गुन्हा' ही संज्ञा आहे. तिची व्याख्या कायद्यात नाही आणि १९५१ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ती पुरेशी स्पष्ट ठरविली. परंतु या लेखाच्या विषयाशी अधिक निकटचा अनुभव २००१ नंतरचा आहे. ग्रीन कार्डाच्या अर्जदारांच्या नावांची एफबीआयकडील पडताळणी त्या काळी विस्तारण्यात आली. केवळ मुख्य आरोपी म्हणून नव्हे, तर दुसऱ्याच्या फायलीत साक्षीदार म्हणून वा अन्य कारणाने आलेले नावही शोधले जाऊ लागले. २००७ मध्ये तीन लाखांहून अधिक नावे प्रलंबित होती. भारतीय नावांच्या रोमन लिपीतील अनेकविध वर्णलेखनामुळे आणि सारख्या आडनावांमुळे असा शोध किती गुंतागुंतीचा होतो, हे कोणत्याही महाविद्यालयाच्या हजेरीपटावर नजर टाकल्यास कळेल. अखेर फेब्रुवारी २००८ मध्ये, १८० दिवसांत उत्तर न आल्यास अन्यथा पात्र अर्ज मंजूर करावा, असे धोरण तेथील प्रशासनाने स्वीकारले. पडताळणी पूर्ण होण्याआधीच मंजुरी देणे प्रशासनाला परवडले, यावरून त्या प्रतीक्षेतील किती भाग सुरक्षिततेसाठी होता, याचा अंदाज यावा.

दुसरी बाजू

वरील विवेचनाला एक गंभीर आक्षेप घेता येतो आणि त्याची उपेक्षा करणे योग्य होणार नाही. प्रलंबित खटल्याकडे दुर्लक्ष करून दाखला दिला, तर खटला टाळण्याचा सोपा मार्ग म्हणून स्थलांतराचा वापर होईल. परदेशस्थ पतीने टाकून दिलेल्या स्त्रियांचा प्रश्न काल्पनिक नाही. राष्ट्रीय महिला आयोगाला २००९ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कक्ष सुरू करावा लागला. अशा स्त्रीच्या दृष्टीने पतीच्या पासपोर्टावर आणि दाखल्यावर येणारी टाच हेच अनेकदा हाती असलेले एकमेव साधन असते. तिला 'आरोप म्हणजे दोषसिद्धी नव्हे' हे तत्त्व ऐकविणे क्रूरपणाचे होईल.

मात्र या आक्षेपाने सिद्ध होते ते वेगळेच. आरोपीने खटल्यास हजर राहावे, हे पाहण्याचे अधिकार भारतीय न्यायालयाला आणि पासपोर्ट कायद्याला आहेत. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याच्या कलम ६ मध्ये फौजदारी खटला प्रलंबित असणे हे पासपोर्ट नाकारण्याचे कारण आहे, आणि १९९३ च्या अधिसूचनेनुसार न्यायालयाच्या परवानगीने त्यातून सूट मिळते. तेथे न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकतो, कालमर्यादा घालतो. हे काम 'प्रतिकूल माहिती'च्या दाखल्याकडे सोपविले की स्त्रीलाही न्याय मिळत नाही : पती भारतात अडकतो, खटला मात्र पुढे सरकत नाही. शिवाय तक्रारीत नाव असलेली अविवाहित नणंद आणि प्रत्यक्ष छळ करणारा पती या दोघांना तो दाखला एकाच तागडीत घालतो.

येथे भारताच्या बाजूने होऊ शकणारी दुरुस्ती खर्चिक नाही. दाखल्यात प्रकरणाचा टप्पा, कलम, न्यायालय आणि खटला संपला असल्यास त्याचा नेमका शेवट नोंदविला, तर सित्तमपलम निर्णयातील भेद करणे परदेशी अधिकाऱ्याला शक्य होईल. खटला मागे घेताना आरोपनिश्चिती झाली होती की नव्हती, हे सरकारी वकिलाने आरोपीला सांगावे, एवढी अपेक्षाही अवाजवी नाही.

कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये फाम प्रकरणात, शिक्षा ठरविताना स्थलांतरविषयक परिणाम विचारात घेता येतील असे सांगून दोन वर्षांची शिक्षा केवळ एका दिवसाने कमी केली. त्या वेळी दोन वर्षांच्या शिक्षेने हद्दपारीविरुद्ध अपील करण्याचा हक्क जात असे. त्याच वर्षी संसदेने ती मर्यादा सहा महिन्यांवर आणली, हा भाग अलाहिदा. अमेरिकेत २०१० च्या पडिला निर्णयाने, गुन्हा कबूल करण्यापूर्वी हद्दपारीच्या शक्यतेची कल्पना आरोपीला देणे हे वकिलाचे कर्तव्य ठरविले. पुण्या-मुंबईच्या न्यायदंडाधिकारी न्यायालयात कलम १८५ खाली रांगेत उभ्या असलेल्या तरुणाला असे काही सांगण्याचे बंधन कोणावरही नाही. वकील केलेला असला तरी त्याचा सल्ला एकच असतो : कबूल करा, दंड भरा, वेळ वाचेल. त्या दिवशी श्वासचाचणीचा आकडा आदेशात लिहून घेतला, तर पुढे हिल प्रकरणातील दुसऱ्या पद्धतीला काही आधार मिळेल.